सहावी-सातवीच्या लेकरांना हवामान बदल शिकवायचाय, हाताने करून बघता येईल असं काय घेऊ?

आष्टीकडचा_मास्तर

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय पण वाचा आणि सुचवा. मी बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या एका जि.प. शाळेवर आहे, सहावी-सातवी मिळून 41 लेकरं. हवामान बदल या विषयावर दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यायचं डोक्यात आहे, अट एकच की लेकरांनी बसून ऐकायचं नाही, हाताने करायचं.

का घ्यायचंय ते सांगतो. 2025च्या सप्टेंबरात सीनेला पाणी आलं तेव्हा आमच्या भागातल्या कित्येक वावरांची माती खरवडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. शाळा परत भरल्यावर सातवीतल्या एका पोराने विचारलं, सर आपला तर दुष्काळी तालुका ना, मग एवढं पाणी आलं कुठून? मी ग्लोबल वॉर्मिंग वगैरे काहीतरी बोललो आणि पुढचा धडा काढला. पोरगं गप बसलं पण त्याला काही कळलं नव्हतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, ते मला अजून लागून आहे.

त्याच्या आधी एक संस्था शाळेत येऊन गेली होती. लॅपटॉप, पीपीटी, बर्फावरचं पांढरं अस्वल, शेवटी हात पुढे करून शपथ. दुसऱ्या दिवशी मी चित्रं काढायला लावली तर निम्म्याहून जास्त कागदांवर "प्लास्टिक टाळा" नाहीतर "झाडे लावा झाडे जगवा", आणि चार जणांनी आभाळाला भोक काढून त्यातून ऊन खाली येताना दाखवलेलं. म्हणजे ओझोनचं आणि हे त्यांना एकच वाटतंय. अस्वलाचं चित्र मात्र सगळ्यांना जमलं होतं, आणि शाळेमागच्या नदीचं चित्र एकानेही काढलं नव्हतं.

माझ्या मनात असलेलं असं: एक, दोन बाटल्या उन्हात ठेवायच्या, एकीत खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून कार्बन डायऑक्साइड भरायचा, थर्मामीटर लावून कोणती जास्त तापते ते बघायचं. दोन, आजी-आजोबांच्या मुलाखती. तीन, पर्जन्यमापक. खर्चाला दीड हजाराच्या आसपास जमवू शकतो, थर्मामीटर चार आहेत, लाईटचा भरवसा नाही. आणि हे दिवाळीच्या आत व्हायला पाहिजे कारण दिवाळी झाली की बरीच लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, मग वर्गात कोण उरतंय.


दापोलीची_बाय

सर, तुमचं अस्वलाचं वाचून अगदी पटलं. मी दापोली तालुक्यात शिकवते. आमच्याकडे 3 जून 2020ला निसर्ग वादळ झालं, मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी घरावरचे पत्रे उडताना, नारळ-पोफळी आडव्या होताना बघितल्या, तरी पुस्तकातला हवामान बदल म्हटला की तो त्यांना कुठल्यातरी लांबच्या देशातला वाटायचा. म्हणून आम्ही गावापासूनच सुरुवात केली.

मुलाखतींबद्दल माझा अनुभव सांगते कारण पहिल्या वर्षी आमची पूर्ण चूक झाली होती. आम्ही मुलांना प्रश्न दिला, "पूर्वी पाऊस चांगला पडायचा का?" आणि सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं हो बाबा, पूर्वी फार चांगला पडायचा, आताचं काही खरं नाही. मुलं वह्या भरून घेऊन आली, पण सगळ्या वह्यांत एकच वाक्य. त्यातून शिकणार काय?

दुसऱ्या वर्षी प्रश्न बदलले. भाताचं आवण, म्हणजे रोपं, कुठल्या नक्षत्रात धरायचात? विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असायचं, आणि ते कशावरून आठवतं, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं? घरचा पहिला पिकलेला आंबा देवापुढे कधी ठेवायचात, गुढीपाडव्याला की त्याच्याही नंतर? कलमाला मोहोर दिवाळीनंतर किती दिवसांनी दिसायचा? असं विचारलं की माणूस आठवायला लागतो, मग त्याला सण आठवतो, मग त्या वर्षीची गोष्ट बाहेर येते. एका मुलीच्या आजीने सांगितलं की मोहोर यायचा तो एकदाच यायचा, आता झाडाच्या एका फांदीला कैरी असते आणि दुसऱ्या फांदीला परत नवा मोहोर, फवारणी नक्की कशासाठी करायची तेच कळत नाही. हे कुठल्या पीपीटीत मिळणार आहे?

पण एक सांभाळा. माणसाची आठवण चुकते. तुमच्याकडे तर 1972चा दुष्काळ बघितलेली माणसं असतील, मदतीची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडलेली. त्यांना विचारलं तर ती स्वतःच सांगतील की पूर्वीही पाऊस दगा द्यायचा. ते मुलांना ऐकू द्या, लपवू नका. मग तहसीलच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर त्याच्याशेजारी ठेवा आणि आजोबांचं कुठे जुळतं कुठे जुळत नाही ते मुलांनाच शोधू द्या. एका वर्षाचा पाऊस म्हणजे हवा, तीस वर्षांचा मिळून जो दिसतो ते हवामान, हा फरक आमच्या मुलांना तिथेच कळला, व्याख्या पाठ करून आधी कधी कळला नव्हता.


निवृत्त_भौतिकवाला

मास्तर, तुमची तळमळ बघून बरं वाटलं, म्हणूनच स्पष्ट लिहितो. सोडा-व्हिनेगरच्या बाटलीचा प्रयोग घेऊ नका. मी पुण्यात कॉलेजात बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, हा प्रयोग नेटवर सगळीकडे आहे आणि त्यात तापमान वाढतंही, पण ज्या कारणासाठी आपण तो दाखवतो त्या कारणाने वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो, आतली हवा नीट वर-खाली खेळत नाही म्हणून बाटलीतली उष्णता बाहेर जायला उशीर होतो, फरक दिसतो तो मुख्यतः त्याचा. एवढ्याशा बाटलीत वायूने उष्णता शोषण्याचा परिणाम अगदी किरकोळ असतो. उत्तर बरोबर आणि कारण चुकीचं, असं मुलांना शिकवू नये, पुढे कुणीतरी त्यांना "तुमच्या सरांचा प्रयोग खोटा होता" म्हणालं तर ती सगळंच खोटं समजतील.

मग खरा परिणाम कुठे बघायचा? तो तुमच्या अंगणात आहे. थंडीच्या दिवसांत आभाळ निरभ्र असलं की पहाटे कडाक्याची थंडी पडते, गवतावर दंव साचतं, आणि रात्री ढग आले की आपण म्हणतो आज थंडी पळाली. जमीन रात्रभर उष्णता वर फेकत असते, ढग आणि हवेतली वाफ ती अडवून काही परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड तेच काम करतो, फक्त तो ढगासारखा येत-जात नाही, एकदा वर गेला की त्यातला बराचसा शेकडो वर्षं मुक्काम करतो. पहाटे सहाला थर्मामीटर वाचायचा आणि समोर लिहायचं, रात्री चांदण्या होत्या की ढग. महिनाभराची वही झाली की पोरं स्वतः सांगतील. गोधडीचं उदाहरण द्या, गोधडी स्वतः गरम नसते, आपल्याच अंगाची ऊब जाऊ देत नाही.

दुसरं, खेळ घ्या. तुमच्याकडे आट्यापाट्या खेळतात ना? पाट्या आखा, म्हणजे ज्या आडव्या रेघांवर उभं राहून गडी पळणाऱ्याला अडवतात त्या. खालची रेघ म्हणजे जमीन, वरची रेघ म्हणजे आभाळाच्या पलीकडचं मोकळं अंतराळ. पाट्यांवर उभी पोरं म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दर दहा अंक मोजले की वरून दोन पोरं आत सोडायची, डोक्याला रुमाल बांधलेली, ती ऊन. रुमालवाल्याला पाट्यावरच्याने हात लावायचा नाही, ऊन हवेतून सरळ खाली येतं. जमिनीची रेघ शिवली की रुमाल काढायचा, आता ते पोरगं उष्णता झालं आणि त्याला परत वर निसटायचंय. वाटेत हात लागला तर बाद नाही, नाणं उडवायचं, छापा आला तर पुढे, काटा आला तर परत जमिनीवर. कारण खरोखरही ती अडवलेली उष्णता सगळ्या दिशांना फेकली जाते, काही वर काही खाली. दर मिनिटाला शिट्टी मारून मैदानात किती पोरं अडकली ते मोजायचं.

पाट्यावर किती पोरं ठेवायची? कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या 10 लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण 280 होते, आता 420च्या वर आहेत. दर 70ला एक गडी धरा. पहिला डाव 4 गड्यांचा, दुसरा 6 गड्यांचा. बाकी काही बदलायचं नाही, ऊन तेवढंच.

हुशार पोरगं विचारणारच, 10 लाखांत 420 म्हणजे काहीच नाही की. बादलीभर पाण्यात चिमूटभर नीळ टाकून दाखवा. हवेतला बहुतेक भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन, ते या उष्णतेला अडवतच नाहीत, म्हणून थोडक्यांचाच हिशोब आहे.

आणि त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायलाच पाहिजे. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते. घागर मोठी झाली असं समजा. मोठी घागर भरायला वेळ लागतो, म्हणून मधे कोरडे दिवस, आणि उपडी झाली की एकदम धोधो. दुष्काळ आणि पूर एकाच तालुक्यात कसे, तर असे. फक्त एकच एक पूर बोट दाखवून "हा त्याच्यामुळेच" असं म्हणू नका, असे पूर येण्याची शक्यता वाढते एवढंच म्हणा.


बांधावरून

गुरुजी राम राम. मी शेतकरी आहे, गेवराईकडचा, माझी पोरगी आठवीत आहे. मला प्रयोगातलं काही कळत नाही पण एक पालक म्हणून बोलतो, राग मानू नका.

पोरगी एकदा शाळेतून आली आणि मला म्हणाली पप्पा तुम्ही उसाचं पाचट पेटवता म्हणून पाऊस पडत नाही. मला लई वाईट वाटलं. पाचट जाळू नये हे मलाबी माहीतय, जमिनीचं बी नुकसान हाय, पण कुट्टीचं मशीन कुणाकडे, मजूर कुठं मिळतो, हे तिला कोण सांगणार. आणि जगाचं ऊन काय एकट्या माझ्या फडानं वाढवलं का? त्या पोरांना हे पण शिकवा की कोण किती धूर सोडतं. माझ्या भाच्याने मोबाईलवर काढून दाखवलं, आपल्याकडं एका माणसामागं वर्षाला 2 टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आणि अमेरिकेत एका माणसामागं 14 टनाच्या आसपास. आपली पोरं एसटीने फिरतात, एका घरात दोन बल्ब. त्यांच्या डोक्यावर ते पाप ठेवू नका. आपल्याला सोसावं लागणार आहे म्हणून समजून घ्या, असं सांगा.

आणि पर्जन्यमापक नक्की करा. महसूल मंडळातलं सरकारी पाऊस मोजायचं यंत्र एका गावात, पाऊस पडतो दुसऱ्या गावात, आम्ही सगळे त्यानं वैतागलेले आहोत. पंचनाम्याला सरकारी आकडाच चालतो, 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, ते खरं हाय, पण आपल्या शिवारात खरंच किती पडला हे गावाला तरी कळू द्या. पोरं लिहितील तर आम्ही वाचू.


आष्टीकडचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. भौतिकवाले सर, बाटली रद्द. खरं सांगतो, सामान आणून ठेवलं होतं पण आता नाही करत. आट्यापाट्याचं वाचून तर अंगावर काटा आला, आमच्या पोरांचा तो रोजचा खेळ आहे.

बांधावरून दादा, तुमचं बोलणं मी वहीत उतरवून ठेवलंय. राग कसला, हे मला आधीच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

समुद्राचं काय करू? आमच्या एकाही लेकराने समुद्र बघितलेला नाही. सोडून देऊ का?


ल्योनहून

सोडू नका दादा. मी मूळची सांगलीची, आता फ्रान्समध्ये ल्योनला असते. दोन सोपे प्रयोग देते, दोन्ही माझ्या मुलाच्या शाळेत केलेले.

पहिला, दोन सारख्या वाट्या. एकीत पाणी आणि त्यात तरंगता बर्फ. दुसरीत मधोमध दगड, दगडाचं डोकं पाण्याच्या वर, आणि बर्फ दगडावर. दोन्हीकडे पाण्याची खूण करा आणि आधी मुलांना हात वर करायला लावा, कुठे पाणी वाढेल? बहुतेक जण दोन्हीकडे म्हणतात. तरंगता बर्फ वितळून पातळी वाढत नाही, दगडावरचा म्हणजे जमिनीवरचा वितळला की वाढते. दुसरा, औषधाची काचेची छोटी बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, झाकणाला भोक पाडून बॉलपेनची रिकामी स्वच्छ धुतलेली रिफिल बसवा, भोवती मेण. उन्हात ठेवा. रिफिलमधलं पाणी चढताना दिसतं. पाणी तापलं की फुगतं, समुद्राचंही तेच होतंय. 1900पासून आतापर्यंत जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरच्या आसपास वाढलीय, पोरांना पट्टीवर दाखवा, वीतभर.

इकडे क्लायमेट फ्रेस्क नावाचा पत्त्यांसारखा खेळ खूप चालतो, 42 कार्डं असतात, कारण आणि परिणाम जुळवत टेबलावर मोठा कागद पसरून मांडायची, मधे बाण काढायचे. तीन तास लागतात. मी खेळलेय, पण तुमच्या मुलांसाठी ती कार्डं जशीच्या तशी नको, ती जगाच्या पातळीवरची आहेत. त्याची पद्धत घ्या आणि कार्डं गावाची करा. कोळसा, वीज, पत्र्याची शाळा, बोअर, टँकर, अवकाळी, गारा, कांदा, ऊसतोड, सकाळची शाळा, अशी पंधरा-सोळा. बाण काढला की त्यावर "म्हणून" असं लिहायचं आणि मोठ्याने वाचायचं. वाक्य जुळलं तर बाण राहील. "झाड तोडलं म्हणून ओझोनला भोक पडलं" असं मोठ्याने वाचलं की मुलांना स्वतःलाच अडखळायला होतं.


आष्टीकडचा_मास्तर

मंडळी, वर्कशॉप झालं. दोनचे तीन दिवस झाले. सविस्तर सांगतो.

पर्जन्यमापक आधी केला. कोल्ड्रिंकच्या बाटल्या कापून, तळ वेडावाकडा असतो म्हणून खाली खडे आणि शून्याच्या रेघेपर्यंत पाणी. पहिल्या गटाने बाटली लिंबाखाली ठेवली, दुसऱ्याने भिंतीला लागून, तिसऱ्याने मैदानात. रात्री पाऊस झाला आणि सकाळी साडेआठला तिन्हीकडे वेगळे आकडे. मी काही बोललो नाही, त्यांचं त्यांनीच अर्धा तास भांडून ठरवलं की बाटली मोकळ्या जागेत पाहिजे. मग शाळेचं छप्पर मोजलं, 20 बाय 30 फूट. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर, या हिशोबाने 65 मिलिमीटरला एका छपरावरून साधारण 3,600 लिटर. लेकरांना टँकर चांगलाच माहीत आहे. सहावीतली एक म्हणाली, म्हणजे सर आपल्या छपरावरून टँकर वाहून जातोय.

आट्यापाट्या. 4 गड्यांच्या डावात सुरुवातीला गर्दी वाढली आणि मग आठ-नऊ पोरांवर येऊन थांबली, जेवढी आत येत होती तेवढी बाहेर निसटत होती. 6 गड्यांच्या डावात ती चौदा-पंधराच्या खाली येईना. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले. पोरं घामाघूम, कुणाला व्याख्या विचारायची गरज पडली नाही. मग सातवीतल्या एका मुलीने स्वतःहून सांगितलं की परत 4 गडी करून बघू. केलं. दोन गडी बाजूला झाले तरी आत अडकलेली पोरं लगेच कमी झाली नाहीत, तीन-चार शिट्ट्या गेल्या. ती म्हणाली, सर गडी काढले तरी गर्दी हटायला वेळ लागतोय. भौतिकवाले सर, हे मी शिकवलं नव्हतं.

मुलाखतीत दापोलीच्या बाईंनी दिलेले प्रश्न आपल्याकडच्यासारखे करून दिले. बाजरी पेरली ती कुठल्या नक्षत्राला, ज्वारीला ओल कुठवर पुरायची. एका आजोबांनी 72ची गोष्ट सांगताना पोराला हातावरचा खडी फोडताना झालेला वण दाखवला. पोरगं सगळ्यांना सांगत फिरत होतं.

"म्हणून"च्या बाणांना दुपार गेली. ऊसतोडीचं कार्ड कुठे लावायचं यावर सगळ्यात जास्त वेळ लागला. एक गट म्हणाला पाऊस नाही म्हणून आम्ही ऊस तोडायला जातो. दुसऱ्या गटातलं पोरगं म्हणालं, पाऊस चांगला झाला त्या वर्षी पण गेलो होतो, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. बाण खोडला, परत काढला, शेवटी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली. बांधावरून दादा, 2 टन आणि 14 टनाचा आकडा तेव्हाच फळ्यावर घातला, वर्ग एकदम शांत झाला होता.

आणि तो पुराचा प्रश्न विचारणारा पोरगा. घागरीचं उदाहरण मी सांगायला लागलो तर म्हणाला थांबा सर, आणि त्यानेच पुढचं वाक्य पूर्ण केलं. तो आणि त्याची बहीण दिवाळीच्या पाडव्यानंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणार आहेत. बाटली मागितली, तिकडे फडावर अवकाळी आला तर मोजतो म्हणाला. वही दोघांत एकच होती, म्हणून काल संध्याकाळी बसून दुसरी आखून दिली, तारीख, वेळ, मिलिमीटर, आणि शेवटचा रकाना त्याने स्वतः सांगितला, कुठल्या गावात.